जुना लॅपटॉप, लिनक्स आणि तालुक्यातला मेकॅनिक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीच्या नियमित सुरक्षा दुरुस्त्या थांबवल्या. त्या दिवशी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात सोयाबीनची काढणी चालू होती, कापसाची सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, व्हायची होती, आणि लॅपटॉप आदल्या दिवशीसारखेच सुरू झाले, आदल्या दिवशीसारखेच बंद झाले. डोळ्यांना दिसेल असा बदल कुठेच नव्हता. पण तेव्हापासून या यंत्रांत सापडणारी प्रत्येक नवी फट उघडीच राहते आहे. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकाला एका वर्षाची मुदतवाढ आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. विंडोज ११ वर जायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा. ढोबळमानाने २०१७ च्या शेवटानंतर बाजारात आलेलं यंत्र.

आमच्याकडचे बहुतेक लॅपटॉप त्याआधीचे आहेत. पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून काढून टाकलेली यंत्रं नागपूरच्या सीताबर्डीत येतात, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला. काही पुण्यात नोकरीला लागलेल्या भावाने किंवा मामाने दिलेली असतात. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, चार जीबी रॅम, आवाज करणारी हार्ड डिस्क, तासभरही न टिकणारी बॅटरी. अशा लॅपटॉपवर बारावीची मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरते, अभ्यासिकेतली मुलं प्रश्नसंच सोडवतात, बचत गटाची सचिव हिशोब ठेवते. मोबाइल घराघरांत पोचला हे खरं आहे, पण तो बहुतेक घरांत बापाच्या खिशात असतो आणि बाप वावरात असतो. शिवाय मोबाइलवर वाचता येतं. बसून चार पानं लिहायची, तक्ता मांडायचा, चुकलेलं सुधारायचं तर मोठा पडदा आणि कीबोर्ड लागतो. म्हणून घरात आलेला जुना लॅपटॉप ही खेड्यात फार मोलाची वस्तू आहे. ती निकामी झाल्याचा निर्णय दूर कुठेतरी होतो आणि आपण तो मुकाट्याने मान्य करतो, याला माझा विरोध आहे.

यावर जाणकार मंडळी एका वाक्यात उत्तर देतात: लिनक्स टाका. म्हणजे विंडोजच्या जागी ही मोफत आणि आतून सगळ्यांना उघडी असलेली प्रणाली बसवा. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेलं हे काम आज जगभरचे सर्व्हर चालवतं, अँड्रॉइड मोबाइलच्या पोटातही तेच आहे. उत्तर बरोबर आहे, पण अर्धं आहे. लिनक्स टाकणं हे एका संध्याकाळचं काम. ते टाकल्यावर तीन महिन्यांनी काही अडलं तर मुलीने कोणाकडे जायचं, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर तालुक्याच्या ठिकाणी मिळालं पाहिजे. नागपूरला नाही, पुण्याला नाही आणि इंग्रजीतल्या कुठल्या पानावरही नाही.

आधी प्रत्यक्ष काम काय असतं ते सांगतो, कारण लिनक्सबद्दलची निम्मी भीती ते काम कधी न पाहिल्यामुळे आहे.

सुरुवात सॉफ्टवेअरपासून करायचीच नाही. स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, मागचं झाकण उघडायचं आणि पंखा पाहायचा. विदर्भातली धूळ आणि कापसाचं तूस यांचा नमदा जमलेला असतो, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून पापडी झालेली असते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. अशा हवेत कोंडलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि लोक म्हणतात, लॅपटॉप म्हातारा झाला. पंखा साफ केला, नवी पेस्ट लावली, की काही यंत्रं तेवढ्यानेच सुधारतात. दुसरी गोष्ट हार्ड डिस्क. फिरणारी जुनी डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवणं हा जुन्या लॅपटॉपवर करता येणारा सगळ्यात गुणकारी खर्च आहे, आणि नव्या यंत्राच्या किमतीपुढे तो फार लहान आहे. ज्याच्याकडे पैसे अगदी मोजके आहेत त्याला मी सांगतो, रॅम नंतर वाढव, आधी डिस्क बदल.

तिसरी गोष्ट मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल. तो संपला की लॅपटॉपचं घड्याळ प्रत्येक वेळी कुठल्यातरी जुन्या तारखेवर जातं. यंत्र २०१२ साल दाखवत असेल तर ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळं उघडायला नकार देतो, कारण प्रत्येक संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत तो याच घड्याळाशी ताडून पाहतो. घरी मात्र ‘नेट खराब आहे’ म्हणून महिनोन्महिने सिमकार्डं बदलली जातात. दोष असतो त्या एका सेलमध्ये, आणि तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. काही लॅपटॉपमध्ये त्याला वायर जोडलेली असते, तेवढी पाहून घ्यावी.

एवढं झाल्यावर लिनक्स. लिनक्स वेगवेगळ्या नावांनी मिळतं. चार जीबी रॅमच्या यंत्रासाठी मी त्यातल्या लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सुचवतो. दोन जीबीवर ती चालते, चारवर नीट चालते, खाली पट्टी आणि कोपऱ्यात मेनू असल्यामुळे विंडोज वापरलेल्या माणसाला परकी वाटत नाही, आणि मिंटच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेलं बॉस हे भारतीय लिनक्सही आहे, भारतीय भाषांची सोय डोळ्यांपुढे ठेवून केलेलं. तरी नवख्या माणसाला मी मिंटच देतो. अडल्यावर त्याची उत्तरं जास्त ठिकाणी सापडतात. फक्त ३२ बिट चालणारी फार जुनी यंत्रं मात्र सोडून द्यावीत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या लिनक्सनेही तसल्या संगणकांसाठीचा इन्स्टॉलर बंद केला, आणि आजची संकेतस्थळं त्यांना पेलत नाहीत. जुन्या यंत्राचं प्रेम कुठवर ताणायचं यालाही सीमा आहे.

मिंटची फाइल तीन जीबीच्या आसपास भरते. इथे शहरातल्या सल्लागारांना न दिसणारी अडचण येते: बहुतेक घरांत दिवसाला दीड किंवा दोन जीबीचा मोबाइल पॅक असतो. एका दिवसात ती फाइल उतरतच नाही. म्हणून तयार केलेला एक पेनड्राइव्ह अभ्यासिकेत किंवा वाचनालयात ठेवला पाहिजे आणि तो हातोहात फिरला पाहिजे. अशा प्रती वाटणं इथे कायदेशीर आहे, एवढंच नाही, तर लिनक्सच्या परवान्याने तो हक्क लिहून दिलेला आहे. एका शाळेने दुसरीला द्यावं, दुसरीने तिसरीला.

पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला की डिस्कला हातही न लावता लिनक्स चालवून पाहता येतं. ही सोय फार मोठी आहे. वाय-फाय सापडतंय का, आवाज येतोय का, प्रकाश कमी-जास्त होतोय का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतंय का, हे सगळं आधीच तपासायचं. काही जुन्या लॅपटॉपमधल्या ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपला वेगळं फर्मवेअर, म्हणजे ती चिप चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, लागतं. तेवढ्यापुरता मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचं इंटरनेट घ्यायचं आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ते उतरवायचं. फोटो, गुणपत्रिका, सातबाऱ्याच्या पीडीएफ आधी बाहेर काढून ठेवायच्या, आणि मगच डिस्क पुसायची. रॅम कमी असेल तर झेडरॅम सुरू करायचं. त्याने मेमरीतला मजकूर दाबून बसवला जातो आणि ब्राउझरच्या चार-पाच खिडक्या उघड्या ठेवता येतात.

मराठीचं काय, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो आणि उत्तर ऐकून लोकांना नवल वाटतं. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये मुळातच असतो. आयबस आणि एमसेव्हनटीनएन ही पॅकेजं टाकली की फोनेटिक, रेमिंग्टन, गमभन असे पर्याय मिळतात. टायपिंग इन्स्टिट्यूटमधून रेमिंग्टनवर बोटं बसलेल्या माणसाला नव्याने काही शिकावं लागत नाही. लिबरऑफिसचा मेनूही मराठीत करता येतो. अडतात त्या कृतिदेव किंवा श्रीलिपीत केलेल्या जुन्या फाइली. त्या युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. पण तो फॉन्ट नसलेल्या कुठल्याही संगणकावर त्या अडतात, आणि ते काम कधीतरी करायचंच होतं.

हे सगळं वाचून कोणालाही वाटेल की मग अडतं कुठे? सोपं आहे, फुकट आहे, लोक का घेत नाहीत?

कारण आमच्याकडे विंडोजही फुकटच मिळतं. लिनक्सच्या प्रचारकांनी हे नीट समजून घेतलेलं नाही असं मला वाटतं. खेड्यात लिनक्सची स्पर्धा पैसे मोजून घेतलेल्या विंडोजशी नसते, क्रॅक करून टाकलेल्या विंडोजशी असते. दुकानात लॅपटॉप नेला की काही शे रुपयांत ‘फॉरमॅट मारून’ मिळतो. त्यात विंडोज, ऑफिस, फोटो सुधारण्याचं सॉफ्टवेअर, सगळं टाकलेलं असतं. ते ॲक्टिव्हेट करणारा प्रोग्राम चालवताना विंडोजचं स्वतःचं संरक्षण बंद करावं लागतं. म्हणजे कुलूप तोडून घरात शिरवलेल्या प्रोग्रामच्या हाती यंत्र सोपवायचं आणि त्याच यंत्रावर महाडीबीटीचा पासवर्ड, आधार क्रमांक, वडिलांच्या पीककर्जाच्या खात्याची माहिती टाइप करायची. शहरातल्या पगारदाराच्या खात्यातून दहा हजार गेले तर तो पुढच्या पगाराची वाट पाहतो. इथे शिष्यवृत्तीचा हप्ता गेला तर मुलीचं वर्ष जातं. फुकटपणाच्या मुद्द्यावर लिनक्स इथे जिंकणार नाही. या यंत्रावर आपल्या पैशाची आणि कागदांची माहिती सुरक्षित राहते, हा मुद्दा मात्र घरातल्या आईलाही लगेच पटतो.

दुकानदाराला खलनायक ठरवून भागत नाही. तालुक्याच्या बसस्टँडजवळ मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान टाकून बसलेल्या एका ओळखीच्या मुलाला मी हे विचारलं, तेव्हा त्याने सरळ सांगितलं, “लिनक्स टाकून देल्लं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येते, वर्ड कुठी हाय म्हणते, अन् मलेच शिव्या देते.” त्याचं बरोबर आहे. शिवाय क्रॅक केलेलं विंडोज सहा-आठ महिन्यांनी बंद पडतं, गिऱ्हाईक परत येतं, परत फॉरमॅटचे पैसे मिळतात. लिनक्स नीट बसवलेला लॅपटॉप फारसा परत येत नाही. दुकान चालवणाऱ्याने आपलं उत्पन्न स्वतःच्या हाताने कमी करावं, अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. त्याला या कामाचा वेगळा, रास्त मोबदला मिळाला पाहिजे: पंखा साफ करणं, डिस्क बदलणं, लिनक्स बसवणं, मराठी कीबोर्ड लावून देणं, तासभर बसून दाखवणं. हे कौशल्याचं काम आहे आणि त्याचे पैसे घेण्यात कोणतीही लाज नाही. सॉफ्टवेअर मोफत असलं तरी मेहनत मोफत असायची गरज नाही.

विदर्भात विहिरीवरची मोटार जळली तर शेतकरी ती फेकून देत नाही. तालुक्याला रिवाइंडिंगचं दुकान असतं. तिथला माणूस जळालेली तार काढतो, नवी गुंडाळतो, वार्निश करून वाळवतो आणि मोटार परत विहिरीवर जाते. एकेक मोटार अशी वर्षानुवर्षं चालते. हे शक्य होतं कारण मोटारीचं पोट उघडता येतं, तार बाजारात मिळते, किती वेढे घ्यायचे हे कोणी लपवून ठेवलेलं नाही, आणि ते ज्ञान तालुक्यात आहे. रिवाइंडिंगवाल्याला कुठल्या कंपनीची परवानगी लागत नाही. लॅपटॉपच्या बाबतीत लिनक्समुळे यातल्या पहिल्या तीन गोष्टी मिळतात. चौथी, म्हणजे तालुक्यात ते ज्ञान असणारा माणूस, आपणच उभा करायचा आहे.

१९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्यामागे गांधीजी होते, जे पुढे १९३६ मध्ये आमच्याच विदर्भात, सेवाग्रामला येऊन राहिले. बक्षिसाची रक्कम त्या काळात प्रचंड होती. पण मला महत्त्वाच्या वाटतात त्या अटी. यंत्र खेड्यातल्या झोपडीत चालावं. बाईला फार न थकता त्यावर सलग आठ तास काम करता यावं. किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये. वेळोवेळी दुरुस्ती करत ते किमान वीस वर्षं चालावं, आणि वर्षाच्या दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. यंत्राला विरोध करणारा माणूस अशी गांधीजींची प्रतिमा करून ठेवणाऱ्यांनी या अटी वाचाव्यात. त्यांना यंत्र हवंच होतं. त्याचं आयुष्य आणि दुरुस्ती ज्याच्या घरात ते आहे त्याच्या आवाक्यात असावी, एवढं त्यांचं म्हणणं होतं. ते बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पण आज सरकारी शाळेसाठी संगणक खरेदी करणाऱ्या कुठल्याही निविदेत ‘किती वर्षं चालेल’ आणि ‘दुरुस्ती कुठे होईल’ हे दोन प्रश्न याच नेमकेपणाने विचारले जायला हवेत. हमीची तीन किंवा पाच वर्षं संपल्यावर पुढे काय, याचा विचार खरेदीच्या दिवशीच झाला पाहिजे.

आता सगळ्यात मोठ्या अडथळ्याकडे येतो. तो लॅपटॉपमध्ये नाही, लिनक्समध्ये नाही आणि खेड्यातल्या माणसातही नाही. तो सरकारी व्यवस्थेत आहे.

महाडीबीटी, प्रवेश परीक्षांचे अर्ज, डिजिलॉकर, बँक ही बहुतेक कामं फायरफॉक्समध्ये होतात. ब्राउझर एकदा उघडला की खाली कोणती प्रणाली आहे याने फरक पडत नाही. अडतं ते पुढच्या टप्प्यावर. ग्रामपंचायतीत संगणक परिचालकाला डिजिटल सहीचं डोंगल जोडावं लागतं. त्याची लिनक्सवर चालणारी ड्रायव्हर, म्हणजे उपकरण संगणकाशी जोडून देणारी सॉफ्टवेअरं, कधी असतात, कधी नसतात, आणि असली तरी ती कशी लावायची हे सांगणारा मराठी कागद त्याच्या हातात कोणी देत नाही. अंगठा घेणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर प्रामुख्याने विंडोज आणि अँड्रॉइड धरून केलेलं असतं. सेवा केंद्रांत सर्रास दिसणाऱ्या छोट्या लेझर प्रिंटरपैकी काहींना कंपनीची बंदिस्त ड्रायव्हर लागतात आणि ती लिनक्सवर बसवताना जाणकाराचीही दमछाक होते. म्हणून मी स्पष्ट सांगतो, ज्याचं पोट अंगठ्याच्या यंत्रावर किंवा टॅलीवर आहे त्याने आज लिनक्सवर जाऊ नये. आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्या माणसाला हौसेपोटी अडचणीत टाकणं योग्य नाही. विद्यार्थी, शाळा, अभ्यासिका, वाचनालय, बचत गट, घर यांचं काम वेगळं आहे, त्यांनी मात्र थांबायचं कारण नाही.

पण सरकारला असं थांबून चालणार नाही, कारण हे त्याचंच धोरण आहे. ई-प्रशासनात खुली मानकं वापरायचं धोरण केंद्र सरकारने २०१० मध्ये जाहीर केलं, आणि मार्च २०१५ मध्ये सरकारी कामात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबुंटू या लिनक्सवर आधारलेली ‘माया’ ही प्रणाली स्वतःच्या संगणकांवर आणायचं ठरवलं. जी गोष्ट दिल्लीत देशाच्या सुरक्षेसाठी योग्य ठरली, ती दारव्हा किंवा आर्णीच्या विद्यार्थ्याच्या सुरक्षेसाठी अयोग्य कशी? राज्याने आणि जिल्हा परिषदेने एक साधा नियम करावा: लोकांना जी सेवा घेणं भाग आहे तिचं प्रत्येक उपकरण, प्रत्येक सही, प्रत्येक अर्ज लिनक्सवरही चालला पाहिजे, नाहीतर त्याची खरेदी होणार नाही. पुरवठादारांना ड्रायव्हर लिहायला लावण्याची ताकद एका गावात नसते, राज्याच्या खरेदी आदेशात असते.

शिक्षणातही हीच गाठ आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकरीच्या वाटेवर एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून आई-बाप उसने पैसे करून मुलांना तो कोर्स लावतात. त्या कोर्सचं स्वरूप वर्षानुवर्षं विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसभोवती बांधलेलं आहे. मुलगा संगणक शिकतो म्हणजे एका कंपनीच्या मेनूत कुठे काय आहे ते पाठ करतो. मेनू बदलला की तो गोंधळतो, आणि दुकानदाराला ‘वर्ड कुठी हाय’ विचारणारं गिऱ्हाईक तयार होतं. दस्तऐवज कसा रचतात, फाइल म्हणजे काय, तक्त्यात सूत्र कसं चालतं, हे शिकवलं तर साधन कोणतंही असो, मुलाचं अडत नाही. परीक्षेत लिबरऑफिसचा पर्याय ठेवायला तांत्रिक अडचण कोणतीही नाही.

केरळने हे करून दाखवलं आहे. तिथल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाची सुरुवात २००१ ची. पुढे शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारलं, आणि २०१९ मध्ये ‘काइट’ या सरकारी संस्थेने शाळांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली दिली. आपल्याकडे केरळचं उदाहरण निघालं की चर्चा किती पैसे वाचले यावर जाते. मला त्याहून मोलाची वाटते ती माणसांची रचना. तिथे शाळेतला एक शिक्षक संगणकांची जबाबदारी घेतो, त्याला प्रशिक्षण मिळतं, आणि २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ नावाने शाळांमध्ये विद्यार्थ्यांचे गट आहेत. प्रश्न शाळेतच सोडवणारी माणसं शाळेतच आहेत. याउलट जर्मनीतल्या म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, सुमारे पंधरा हजार संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं. विरोधक हा दाखला देतात आणि तो टाळू नये. राजकीय पाठिंबा ओसरला, संगणक विभागाची घडी विस्कटलेली राहिली, तर चांगली प्रणालीही टिकत नाही, हे त्यातून दिसतं. दोन्ही अनुभव मला एकाच ठिकाणी आणून सोडतात: माणूस उभा करा.

तो माणूस उभा करायला विदर्भात जागा आहेत, नव्या इमारती बांधायच्या नाहीत. बहुतेक तालुक्यांत शासकीय आयटीआय आहे आणि अनेक ठिकाणी तिथे संगणक चालकाचा कोपा ट्रेड चालतो. त्या मुलांना जुन्या लॅपटॉपचं झाकण उघडण्यापासून मराठी कीबोर्ड लावण्यापर्यंतचं काम प्रात्यक्षिक म्हणून द्यावं. गावातल्या लोकांचे लॅपटॉप ठरावीक दिवशी तिथे यावेत, मुलांनी ते शिक्षकांच्या देखरेखीखाली दुरुस्त करावेत, माफक शुल्क घ्यावं. त्यातलीच दोन-तीन मुलं पुढे दुकान टाकतील आणि मग गिऱ्हाइकाला दुसरा पर्याय मिळेल. शिकवायचं साहित्यही तयार आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स आणि लिबरऑफिसचे छोटे पाठ मराठी आवाजात करून ठेवलेत. एका बाजूला पाठ लावायचा, दुसऱ्या बाजूला करून पाहायचं, शिक्षक नसला तरी चालेल अशा बेताने ते रचलेले आहेत. ते पेनड्राइव्हवर उतरवून गावागावांत पोचवता येतात.

ज्यांना वाटतं की खेड्यातल्या पोरांना हे झेपणार नाही, त्यांनी एकदा अभ्यासिकेत येऊन पाहावं. नवव्या-दहाव्या वर्गातली पोरं टर्मिनलच्या काळ्या पडद्याला घाबरत नाहीत. घाबरतात ती मोठी माणसं. पोरांना एकदा कळलं की हे यंत्र उघडून बघितलं तर कोणी रागावत नाही, बिघडलं तर पेनड्राइव्हवरून परत बसवता येतं, की ती स्वतःच पुढे जातात. एका मुलीने घरच्या लॅपटॉपवर सगळं बसवून घेतलं आणि मग मैत्रिणीच्या घरी जाऊन तिच्याही लॅपटॉपवर बसवलं. तिला हे करायला कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या हातात आलेली ही ताकद मला कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा मोठी वाटते, आणि ती आमच्या भागातल्या प्रत्येक मुलीला मिळावी असं मला मनापासून वाटतं.

शेवटी शाळांच्या कपाटांबद्दल. शाळांना संगणक पुरवणाऱ्या आयसीटी योजनेतल्या प्रयोगशाळांमधलं कंत्राट पाच वर्षांनी संपलं की देखभाल करणारा माणूस जातो आणि यंत्रं शाळेत राहतात. अनेक शाळांत ती धूळ खात पडली आहेत आणि एक दिवस त्यांच्या निर्लेखनाचा, म्हणजे निकामी ठरवून नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव तयार होतो. माझी मागणी आहे की कोणत्याही संगणकाच्या निर्लेखन प्रस्तावात एक रकाना सक्तीचा असावा: यंत्र साफ करून, सेल आणि डिस्क तपासून, लिनक्सवर चालवून पाहिलं का? पाहिलं असेल तर कोणी, कधी, आणि नेमका कोणता भाग निकामी निघाला? हे लिहिल्याशिवाय गटशिक्षणाधिकाऱ्यांनी प्रस्ताव पुढे पाठवू नये. तपासायला आयटीआयची मुलं आहेत, आणि वेळही आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. तेवढ्या सुट्टीत एका तालुक्यातली सगळी कपाटं उघडून होतील.